नाथांचं भारूड आणि परदेशी करार

नमस्कार श्रोतेहो. व्यापार करार म्हटलं की आपल्याला कापूस, सोयाबीन नि आयात शुल्क आठवतं. पण याच करारांत कॉपीराइटचंही एक प्रकरण असतं, आणि ते आपल्या मोबाइलमधल्या गाण्यापर्यंत येऊन पोचतं.

पैठण तालुक्यात, गोदाकाठच्या एका गावात एक मावशी राहतात. नाथषष्ठीला त्यांचं भारूड ऐकायला आसपासच्या गावांतून माणसं येतात. साथीला टाळ, पखवाज आणि एकतारी, एवढंच. हल्ली भजनात कीबोर्ड आणतात, ते मला मुळीच पटत नाही. पखवाजाची थाप त्यात बुडून जाते. असो. मावशींच्या नातवानं ओसरीवर बसून आजीचं भारूड मोबाइलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं. मागे शेळी ओरडते, मध्येच मावशी पदर सावरतात, सगळं तसंच आलेलं. दुसऱ्या दिवशी आवाज बंद! सूचना आली की ही ध्वनिफीत अमुक कंपनीच्या मालकीची आहे. त्या कंपनीनं पूर्वी त्याच भारुडाची कॅसेट काढली होती. यंत्रानं चाल जुळवली आणि निकाल देऊन टाकला.

मी त्या दिवशी तिथंच होतो. मावशींनी मला विचारलं, "भाऊ, नाथबाबाचं भारूड ह्या कंपनीनं कव्हा इकत घेतलं?"

श्रोतेहो, कुणीच विकत घेतलेलं नाही. एकनाथ महाराजांनी १५९९ साली देह ठेवला. त्यांच्या शब्दांवर आज कुणाचाही हक्क नाही. कंपनीचा हक्क फक्त तिनं केलेल्या ध्वनिमुद्रणावर, मावशींच्या गळ्यावर नाही. नातवानं नि मी मिळून हरकत लिहिली: शब्द संतांचे, चाल परंपरेची, आवाज आमच्या आजीचा. बऱ्याच दिवसांनी आवाज परत आला. षष्ठी तोवर होऊन गेली होती.

आता याचा कराराशी संबंध काय? करारात ऑनलाइन कंपन्यांवर जबाबदारी टाकली की त्या जोखीम घेत नाहीत. आधी उतरवा, मग बघू. आपल्या कायद्यात २०१२ पासून एक आधार आहे. तक्रारदारानं २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर उतरवलेला मजकूर पुन्हा दाखवता येतो. २१ दिवस, लक्षात ठेवा. ही अट कुठल्याही करारात सुटता कामा नये.

दुसरी गोष्ट कॉपीराइटच्या मुदतीची. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारानं किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं ठरवली. आपल्याकडे ती ६० आहे. २०१६ साली बारा देशांनी सही केलेल्या पॅसिफिक महासागराभोवतालच्या देशांच्या व्यापार करारात ती ७० होती. अमेरिका त्यातून बाहेर पडली, तेव्हा उरलेल्या अकरा देशांनी ते कलम स्थगित ठेवलं. आपण त्या करारात नव्हतो. पण दहा वर्षं म्हणजे किती, ते परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ यांच्यावरून बघा. ते १९५३ साली गेले. ६० वर्षांच्या हिशोबानं त्यांचं लेखन २०१४ पासून सर्वांसाठी खुलं झालं. ७० असती तर २०२४ उजाडावं लागलं असतं. आपल्या तालुक्याच्या वाचनालयांना, शाळांना ती दहा वर्षं मोजावी लागली असती.

नवा सिनेमा चोरून मेमरी कार्डात भरून विकणं चूकच. कलावंताचं पोट त्यावर असतं. पण म्हणून भजनी मंडळाला चोर ठरवू नका. आणि असे करार आपल्याकडे संसदेच्या मंजुरीशिवायही होऊ शकतात, ही मला सर्वांत खटकणारी बाब आहे. युरोपात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ४ जुलै २०१२ ला तिथल्या संसदेनं बनावट माल नि कॉपीराइटचा भंग रोखण्यासाठीचा अ‍ॅक्टा करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. आपल्या खासदारांना निदान एवढं विचारा, की करारातलं कॉपीराइटचं प्रकरण सहीआधी लोकांपुढे ठेवणार का?

आणि घरी अशी सूचना आलीच, तर घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका. मूळ चित्रण जपून ठेवा, गाणारं कोण, शब्द कुणाचे, ते लिहा, आणि सूचनेत दिलेल्या मुदतीच्या आत हरकत पाठवा.