बागेखालचं गाव

नमस्कार मंडळी.

पुढच्या आठवड्यात मुलांना स्प्रिंग ब्रेक. ज्यांच्याकडे सध्या आईवडील आलेले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. एक दिवस त्यांना सेंट्रल पार्कला न्या, पण दक्षिणेकडची गर्दी टाळा. पेन स्टेशनवरून सबवेची सी गाडी धरा, ८६व्या रस्त्याला उतरा आणि पश्चिमेच्या ८५व्या रस्त्यावरून आत शिरा.

मुलांना आधी दिव्याचे खांब दाखवा. प्रत्येक खांबावर चार आकड्यांची पट्टी असते. तिथे पहिले दोन आकडे जवळच्या रस्त्याचे. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या बाजूला, विषम असेल तर पश्चिमेच्या. आमची दोघं खांबामागून खांब वाचत पळत होती.

मागच्या वर्षी आई सोबत होती. तिला बाकावर बसवून मी उत्साहाने सांगत होतो: ८४३ एकर जागा, ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स यांचा १८५८ सालचा आराखडा, तळीसुद्धा माणसांनी खोदलेली. आई ऐकत होती. मग म्हणाली, "एवढी जागा रिकामीच होती व्हय?"

आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती.

जागा रिकामी नव्हती. आम्ही बसलो होतो तिथेच सेनेका व्हिलेज होतं. शेजारच्या फलकावरचं मी तिला मराठीत सांगत गेलो. १८२५ साली अँड्र्यू विल्यम्स या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने इथे १२५ डॉलरला तीन तुकडे घेतले. पाठोपाठ इतर आले. त्या काळी न्यू यॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता लागे, गोऱ्यांना ती अट नव्हती. म्हणून जमिनीला फार मोल. पुढे आयरिश कुटुंबंही आली. सव्वादोनशेच्या आसपास वस्ती, तीन चर्च, एक शाळा. १८५७ साली बागेसाठी सगळं उठवलं.

"म्हणजे सातबारा त्यांच्या नावावर होता," आई म्हणाली. "मोबदला?"

जमीनमालकांना मिळाला. पण विल्यम्सने मागितला त्यापेक्षा बराच कमी.

"आणि पाणी कुठलं?"

हा प्रश्न मला कधीच सुचला नव्हता. जवळच समिट रॉक नावाचा खडक आहे, त्याच्या पायथ्याशी एक झरा. गावाचं पाणी बहुधा तिथलंच. गुडघे दुखत असूनही आई काठी टेकत तिथवर आली. हातभर ओल्या जागेत एक रॉबिन पंख फडफडवत अंघोळ करत होता. आई बराच वेळ बघत राहिली. मग नातवंडांना जवळ घेऊन तिने आपल्या गावाचं सांगायला सुरुवात केली: नदीचा उतार, दारातला उंबर, सामान ट्रकमध्ये चढवताना तिच्या आईने मातीसकट उचललेली तुळस. तुळशीचं मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

धाकट्याने विचारलं, "आजी, तुझ्या गावाला असा फलक आहे?"

"न्हाई रे बाळा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो."

यंदा आई आलेली नाही. मुलांनी मात्र ठरवलंय, आधी झऱ्यावर जायचं आणि तिथून आजीला फोन लावायचा. आम्ही शनिवारी सकाळी नवाच्या गाडीने निघतोय. ज्यांना यायचं आहे, त्यांनी जेवणानंतर मला सांगा. आजी-आजोबांना जरूर आणा.