ओटीतला नारळ

नमस्कार श्रोतेहो. 2024च्या मार्गशीर्षातली गोष्ट. मी लेकीकडे बंगळूरला निघाले होते. निघताना वहिनीने ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि वर शेंडीवाला नारळ. ओटीतला नारळ सामानात कोंबायचा नाही ही आमच्या माहेरची रीत, म्हणून तो माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. मोठ्या बॅगेत लेकीच्या गोड्या मसाल्यासाठी अर्धा किलो खोबऱ्याच्या वाट्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

नारळ आणि खोबरं, यातलं काहीही बंगळूरला पोचलं नाही.

आधी खोबरं गेलं. बॅगा देतात त्या काउंटरवरच्या मुलीने चित्रांचा तक्ता पुढे सरकवला, "यातलं काही आहे का, मॅडम?" फटाके, लायटर, रंगाचे डबे आणि त्याच पंगतीत चक्क खोबऱ्याची वाटी! मला हसूच आलं. तिला नाही आलं. वाट्या निघाल्या.

मग सुरक्षा तपासणी. पिशवी यंत्रातून पलीकडे गेली आणि बाजूला काढली गेली. गणवेशातली मुलगी म्हणाली, "माताजी, नारियल है?" मी म्हटलं, ओटीतला आहे हो. तिला ओटी कळेना. मग मी पदर पसरून दाखवला, तशी ती एकदम खुलली. "अच्छा, खोइंछा!" बिहारकडची असावी. तिकडे सासरी निघालेल्या लेकीच्या पदरात तांदूळ-हळद घालतात, त्याला खोइंछा म्हणतात. तिला सगळं समजलं, नारळ मात्र तिने ठेवून घेतला. ट्रेमध्ये आधीच दोन नारळ बसलेले होते, शेजारी चार-पाच लायटर आणि एक कात्री. आपल्याकडे नारळ देऊन माणसाला वाटेला लावतात. मला नारळ काढून घेऊन वाटेला लावलं.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण माझ्यामागे काळ्या लुंगीतले एक गृहस्थ होते, शबरीमलाला निघालेले. त्यांच्याकडे इरुमुडी, म्हणजे दोन कप्प्यांचं ते गाठोडं. त्यात नारळ असतोच, आत तूप भरलेला. त्यांचं गाठोडं यंत्रातून गेलं, स्फोटकांचा अंश हुंगणाऱ्या यंत्राची पट्टी त्यावरून फिरली, मग हातानेही तपासलं, आणि नारळ गेला की त्यांच्याबरोबर! मी विचारलंच, "त्यांचा चालतो, माझा का नाही?" उत्तर आलं, "उनको परमिशन है, बीस जनवरी तक." ते खरंच होतं. नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने ऑक्टोबर 2024 मध्ये इरुमुडीतल्या नारळाला तशी मुभा दिली होती, 20 जानेवारी 2025 पर्यंत. ओटीला कोणी मागितली नव्हती.

घरी आल्यावर मी या खोबऱ्याच्या मागेच लागले. आंतरराष्ट्रीय घातक मालाच्या यादीत सुक्या खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे, 1363, आणि त्याचा वर्ग आहे आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांचा. खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल. ते हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू संयोग पावतं, त्यातून ऊब तयार होते. ढिगात, दमट जागी, त्या उबेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, ती साठत जाते. खोबऱ्याची पोती वाहणाऱ्या जहाजांना ही भीती जुनीच. माझ्या अर्ध्या किलोने विमान पेटलं नसतं, असं मला अजूनही वाटतं. पण काउंटरवरची मुलगी किलो मोजत बसणार नाही.

तपासणी यंत्राच्या पडद्यावरचे रंगही तेव्हाच कळले. धातू निळा दिसतो, आणि खाण्यापिण्याचं, कापडाचं, कागदाचं सगळं नारिंगी. पंचाईत अशी की बरीचशी स्फोटकंही नारिंगीच दिसतात. तेव्हा घट्ट थापलेल्या वड्या किंवा पुरणपोळ्यांची चवड बघून कोणी डबा उघडायला लावला तर रागवू नका.

खेळण्यातल्या पिस्तुलालाही बंदी आहे. नातवंडं रडतात, आजोबा वाद घालतात. त्या आजोबांसाठी सांगते. 20 डिसेंबर 1978 ला लखनौहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पांडे आडनावाच्या दोघांनी पळवून वाराणसीला उतरवलं. मागणी काय, तर इंदिरा गांधींना तुरुंगातून सोडा. हत्यारं काय, तर खेळण्यातलं पिस्तूल आणि हातबॉम्ब म्हणून दाखवलेला क्रिकेटचा चेंडू! पुढे दोघंही काँग्रेसचे आमदार झाले. गंमत म्हणजे विमान सुरक्षेचा वेगळा कक्ष त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरू झाला होता, तोही पांडे समितीच्या शिफारशीवरून. हे पांडे अर्थात वेगळे.

पॉवर बँकेचं नेमकं उलटं. ती मोठ्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवायची. सामानाच्या कप्प्यात ती पेटली तर उड्डाणात तिथे कोणाला पोचता येत नाही, जवळ पेटली तर कर्मचारी धावतात. 100 वॉट-तासांपर्यंत सहसा कोणी विचारत नाही, आणि आपली नेहमीची 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-तासांची असते. परदेशी जाणार असाल तर श्रीखंड, आमरस, लोणचं मोठ्या बॅगेतच भरा. हातातल्या पिशवीत पातळ पदार्थाचा डबा 100 मिलिलिटरपेक्षा मोठा चालत नाही, आणि श्रीखंड पातळ की घट्ट यावर तिथे चर्चा होत नाही.

आता आमच्याकडे विमानाने जाणारीची ओटी भरताना वहिनी नारळ पदरात घालते, कपाळाला लावायला सांगते आणि हळूच परत घेते. तांदूळ, सुपारी, हळकुंड, खण विमानात जातात. नारळाची दुसऱ्या दिवशी सोलकढी होते.