रामटेकचा ढग लंडनच्या सभागृहात

नमस्कार श्रोतेहो.

आज आषाढाचा पहिला दिवस. कालिदासाच्या मेघदूतातला शापित यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभर झुरत राहिला, तो रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचं रामटेक, असं वा. वि. मिराशींसारख्या पंडितांनी आग्रहाने मांडलं. मेघदूत मराठीत कितीजणांनी आणलं! चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांताबाई शेळके... पण आज मला बोलायचंय ते एका इंग्रज शाळामास्तराबद्दल. त्याने हेच मेघदूत गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी बांधलं.

त्याचं नाव गुस्ताव होल्स्ट. जन्म 1874 चा. ग्रहांवरच्या ‘द प्लॅनेट्स’ या रचनेमुळे जग त्याला ओळखतं. त्याआधी तो ट्रॉम्बोन वाजवून पोट भरायचा, मग लंडनमध्ये मुलींच्या शाळेत संगीत शिकवू लागला. संगीतरचनेसाठी उरायचे ते रविवार आणि सुट्ट्या. अशा माणसाला ऋग्वेदातली सूक्तं स्वरबद्ध करावीशी वाटली, पण हाती आलेले इंग्रजी अनुवाद काही मनाला येईनात. तेव्हा या गृहस्थाने काय करावं? रीतसर वर्गात जाऊन मेबल बोड नावाच्या विदुषींकडे संस्कृतचे धडे घेतले, आणि कोश पुढ्यात ठेवून स्वतःच अनुवाद करायला बसला. आपल्यातल्या किती जणांनी शाळा सुटल्यावर संस्कृतचा कोश उघडला असेल, हे मी विचारत नाही. माझंही उत्तर फारसं बरं नाही.

मेघदूतावरची ‘द क्लाउड मेसेंजर’ ही रचना त्याने 1910 च्या सुमारास पुरी केली. शब्द त्याचेच, कालिदासावरून घेतलेले.

आता अडचणी बघा. पहिली अडचण छंदाची. मंदाक्रांता आठवते ना? ‘कश्चित्कान्ता’, इथे चार गुरू अक्षरं, जड पावलांची. मग ‘विरहगुरुणा’, पाच लघू भराभर धावतात आणि सहाव्या गुरूवर टेकतात. मग ‘स्वाधिकारात्प्रमत्तः’, सात अक्षरांचा झुलता शेवट. चार, सहा, सात. पाणी भरलेला ढग रेंगाळतो, वारा लागला की सरकतो, पुन्हा रेंगाळतो. ती चाल कालिदासाने वृत्तातच घालून ठेवली आहे. इंग्रजीची लय लघुगुरूवर नाही, आघातावर चालते. म्हणजे अनुवाद झाला त्या क्षणी ढगाची चाल गेली. ती परत आणायची तर संगीतातच आणायला हवी.

दुसरी अडचण लांबीची. मेघदूताचे श्लोक शंभराच्या वर आहेत. वाचायला दोन ओळींना जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ त्या वृंदाने गायला लागतो. त्यातून चार आवाजांचा वृंद, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. चौघांच्या तोंडी एकाच वेळी वेगवेगळे शब्द दिले की श्रोत्याला एकही कळत नाही. शिवाय ‘स’ सगळ्यांनी नेमका एका क्षणी नाही उच्चारला, तर कुकरची वाफ सुटल्यासारखा आवाज येतो! म्हणून कविता कापावी लागते. होल्स्टनेही कापली. सगळी रचना चाळीसेक मिनिटांची आहे.

पण खरा पेच तिसरा. यक्ष एकटा आहे. त्याच्याशी बोलायला माणूस नाही, म्हणून तर तो ढगाशी बोलतो. मग हे एकटेपण गायकांच्या जथ्याच्या तोंडी कसं शोभावं?

मला वाटतं, इथे होल्स्ट निम्मा जिंकला. पूर्वमेघ म्हणजे वाटेचं वर्णन. नद्या, नगरं, महाकालाचं देऊळ, तिथल्या नर्तकी, मग हिमालय. हे सगळं वृंदाला पेलतं, कारण वाट कुणा एकाची नसतेच. आषाढात वेगळं काय सांगायचं? दिंडीत हजारो गळे एकच अभंग म्हणतात तेव्हा कुणी विचारत नाही, हा ‘मी’ कोणाचा. देवळातल्या नृत्याच्या जागी तर होल्स्टचा वाद्यवृंद खरोखर अंगात येतो. एकल गायन त्याने दिलंय कॉन्ट्राल्टोला, म्हणजे स्त्रीच्या खालच्या पट्टीतल्या आवाजाला. निरोप धाडणारा पुरुष, ज्याची वाट पाहिली जाते तोही तोच, आणि आवाज मात्र बाईचा. हे मला फार आवडलं.

जिथे तो हरला ते असं. हा माणूस हिंदुस्थानात कधी आलाच नाही. तब्येतीसाठी 1908 साली अल्जीरियाला गेला, तिथल्या वाळवंटात सायकल फिरवून आला, पण वैशाखातलं नागपूर त्याने पाहिलं नाही. इंग्लंडात ढग बारा महिने डोक्यावर. तिथे ढगाला कोण कशाला हात जोडेल? आपल्याकडे मे महिनाभर भाजून निघालेला माणूस पहिला काळा ढग पाहतो तेव्हा त्याच्या पोटात जे कालवतं, ते या स्वरांत मला सापडत नाही. ढग सुंदर आहे, पण त्याच्याआधीचा उन्हाळा नाही.

4 मार्च 1913 ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये होल्स्टने स्वतः ही रचना सादर केली. ती लोकांच्या मनात उतरली नाही. जिच्यावर इतकी भिस्त ठेवली तीच पडली, त्याला ते फार लागलं. मित्र त्याला हवापालटासाठी मयोर्का बेटावर घेऊन गेले. तिथे क्लिफर्ड बॅक्स नावाच्या मित्राने त्याला ज्योतिषाचा नाद लावला, आणि पुढच्याच वर्षी ग्रहांवरची ती रचना सुरू झाली. म्हणजे बघा, रामटेकचा ढग लंडनला बरसला नाही म्हणून आकाशातले ग्रह आले, असं गमतीने म्हणायला हरकत नाही.

त्या ग्रहांतला शेवटचा नेपच्यून. तिथे पुन्हा गायकवृंद येतो, फक्त बायकांचा. त्यांना शब्दच दिलेले नाहीत. त्या मंचावर दिसतही नाहीत. शेजारच्या खोलीत उभ्या राहून गातात, आणि अखेरीस त्या खोलीचं दार हळूहळू लोटून घ्यायचं, अशी सूचना होल्स्टने लिहून ठेवली आहे. छंद नाही, अनुवाद नाही, ‘स’चा फुसफुसाट नाही. दूर अलकेत, यक्षाच्या नगरीत, कुणीतरी आहे आणि आवाज तेवढा येतोय, हे मेघदूतात त्याला साधायचं होतं ते इथे साधलं, असं मला तरी वाटतं.

‘क्लाउड मेसेंजर’ नंतर कितीतरी वर्षं अडगळीत होतं. 1990 च्या सुमारास रिचर्ड हिकॉक्स यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि तिच्या गायकवृंदाकडून ते ध्वनिमुद्रित करून घेतलं. मिळालं तर जरूर ऐका. आधी खिडकी उघडा मात्र. बाहेर पाऊस लागला असेल, तर जे होल्स्टला जमलं नाही तेवढं तो भरून काढेल.

नमस्कार.