कोपीतले रात्रीचे जेवण

[दृश्य : मावळतीचा प्रकाश, तळाकडे वळणारा ट्रॅक्टर, ट्रॉलीत बसलेली माणसे]

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात जानेवारीत दिवस सव्वासहाच्या सुमारास मावळतो. पहाटेच्या अंधारात उसाच्या फडावर गेलेली ऊसतोड कामगारांची टोळी आता रिकाम्या ट्रॉलीतून परत येत आहे. ती जिथे उतरेल त्या जागेला तळ म्हणतात. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर चटया बांधायच्या आणि वरून प्लास्टिकचा कागद ओढायचा, की कोपी तयार होते. आत मोठ्या माणसाला ताठ उभे राहायचे असेल, तर ते फक्त मधोमध शक्य होते. दिवाळीच्या सुमारास उभी राहिलेली ही वस्ती मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा मोकळे रान होईल.

आपण यांपैकी एका कोपीसमोर बसणार आहोत. हे जोडपे बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातून, सुमारे 300 किलोमीटरवरून आले आहे. हंगामाच्या हिशोबात हे दोघे मिळून 'एक कोयता' आहेत. टोळी आणणाऱ्या मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली ती कोयत्याला, आणि दोघांपैकी एक जरी आजारी पडला तरी खाडा धरला जातो तोही कोयत्याचाच. धाकटा मुलगा त्यांच्याबरोबर आहे. अकरा वर्षांची मुलगी सहावीत शिकते, म्हणून ती गावी आजीजवळ राहिली आहे.

दिवसातले बाकीचे खाणे एकत्र होत नाही. पहाटे बायको भाकरी फडक्यात बांधते आणि त्या धांदलीत चहावरच निघते. दुपारी नवरा उसाच्या सरीत जिथे पोचला असेल तिथे खातो, आणि ती हातातल्या मोळ्या बांधून झाल्यावर बांधाच्या सावलीत बसते. त्यामुळे या कुटुंबाचे एका जागी बसून होणारे जेवण एकच, आणि ते रात्रीचे.

[दृश्य : चूल, काठवट, हात]

तीन दगडांच्या या चुलीत पाचट आहे, कारण पाचटाला तोटा नाही. पण पाचट भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. त्याचा आर, म्हणजे निखारा, धरत नाही, आणि आराशिवाय भाकरी फुगत नाही. म्हणून येताना बांधावरून उचललेली बाभळीची दोन लाकडे तिने बाजूला जपून ठेवली आहेत. काठवटीतले ज्वारीचे पीठ गावाहून आणलेले आहे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते, तेव्हा ती उकळत्या पाण्याची उकड घेऊन पीठ मळते. एकेक गोळा तळहाताने फिरवत थापला जातो, तव्यावर पडतो, त्यावर पाण्याचा हात फिरतो आणि ते पाणी सुकायच्या आत भाकरी उलटली जाते; मग तवा उतरवून, बाभळीच्या आरासमोर उभी धरल्यावर ती टम्म फुगते. अशा नऊ भाकऱ्या झाल्या. दिवसभर कोयता आणि मोळी धरलेले हे हात आहेत, हे सांगितल्याशिवाय ते लक्षात येऊ नये इतक्या त्या गोल आहेत.

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात आमटी उकळते आहे. येसर हा बीडकडचा मसाला, धान्ये आणि डाळी भाजून दळलेला. तो पाण्यात कालवून फोडणीला घातला की भाजी नसतानाही कोरड्यास होते. सासूबाईंनी दळून दिलेले हे येसर हंगाम संपेपर्यंत पुरवायचे आहे. दरम्यान तो नळावरून पाण्याचे दोन हंडे घेऊन आला आहे, आणि मुलाला ताटे मांडण्याचे काम मिळाले आहे. ताटे तीन आहेत. तरी तो चार जागा सोडतो.

[दृश्य : पातेल्याला टेकवून ठेवलेला मोबाइल]

चौथ्या जागेवर मोबाइल आहे. शहरातल्या घरांमध्ये जेवताना मोबाइल लांब ठेवावा असे सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. या कोपीत मात्र कुटुंब पुरे बसते ते मोबाइलमुळे. आठ वाजता गावी आजी ताट वाढते आणि मुलगी फोन लावते. संभाषण जवळजवळ रोजचेच असते.

"जेवायला बसलीस का गं?"

"बसले. आज्जीनं पिठलं केलंय."

"आन् भाकर किती खाल्लीस?"

"दीड. बाबांना दाव की."

मग बाबा पडद्यासमोर येतात. शाळेत काय शिकवले हे विचारले जाते, शेळीला काय झाले हे विचारले जाते, लाइटबिलाचा कागद कुठे ठेवला हेही विचारले जाते. आजीला कमी ऐकू येते, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. सहा महिन्यांचे घर या अर्ध्या तासात चालवले जाते, आणि ते दिवसाच्या दुसऱ्या कोणत्याही वेळी चालवता येत नाही, कारण इतर वेळी दोन्हीकडची माणसे एकाच वेळी मोकळी नसतात. आम्ही सलग चार रात्री येथे बसलो, आणि मुलगी अभ्यासाबद्दल जे काही बोलली ते घास तोंडात असतानाच बोलली.

आई-वडील फडावर गेल्यावर गावात थांबलेल्या मुलांकरिता हंगामी वसतिगृहे चालतात, आणि 2021 पासून राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही आणली आहे. जी मुले कोणाजवळच राहू शकत नाहीत ती फडावर येतात आणि त्यांची शाळा बुडते. काही मुलींची लग्ने वेळेआधी उरकली जातात.

[दृश्य : अंधार, दूरवर दिवे, हॉर्न]

हा हॉर्न ट्रकचा आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर कमी होते, त्यामुळे कारखान्याला तो शक्य तितक्या लवकर गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला नेणाऱ्या पट्ट्यावर, हवा असतो. कारखान्यासमोरच्या रांगेतून ट्रक रिकामा सुटतो तेव्हा रात्र आहे की दिवस हे पाहिले जात नाही. तो फडावर येतो आणि टोळीने मोळ्या डोक्यावर घेऊन, फळीवरून चढून तो भरायचा असतो. मात्र रांगेतली वाहने कोणत्या क्रमाने सुटणार याची नोंद कारखान्याकडे असते. ती मुकादमाला संध्याकाळी कळवली, तर तळावरच्या बायकांना चूल कधी पेटवायची ते ठरवता येईल, आणि त्यासाठी कोणालाही जादा पैसा खर्च करावा लागणार नाही. चार रात्रींपैकी तीन रात्री ट्रक जेवणाच्या वेळी आला.

आज तिची पहिलीच भाकरी अर्धी झाली होती. तिने ती आमटीच्या ताटलीखाली झाकली, मुलाला शेजारच्या कोपीतल्या म्हाताऱ्या आत्याकडे दिले आणि डोक्याला फडके गुंडाळले. फोन बंद करायचा राहिला. पलीकडे मुलगी अजून जेवत होती आणि तिला पडद्यावर कोपीचे छत दिसत होते.

ट्रक भरून दोघे परतले तेव्हा दोन वाजून गेले होते. चार वाजता पुन्हा काठवट घ्यायची होती.