"मी येतो" म्हणणारी रूममेट

पुण्याहून कोल्हापूरला शिकायला गेले, पहिल्याच दिवशी रूममेट म्हणाली, "थांब, मी जेवून येतो." मला वाटलं चुकून बोलली. मग शेजारची पण "मी आलो, मी गेलो", अख्खा मजलाच तसा. आता सेक्स आणि जेंडर यातला फरक सांगायला बोलावलंय तुम्ही, तर मी तिथूनच सुरू करते. त्या पोरींच्या शरीरात पुण्याच्या पोरींपेक्षा काही वेगळं नव्हतं हो, बाईनं स्वतःबद्दल कसं बोलायचं ह्याची तिकडची रीत वेगळी, एवढंच. शरीर म्हणजे सेक्स, आणि ही जी रीत, ते जेंडर.

मराठीत घोळ असा की दोन्हीला आपण लिंगच म्हणतो, फॉर्मवर पण आणि व्याकरणात पण. अभ्यासकांनी जेंडरसाठी 'लिंगभाव' शब्द केलाय, चांगलाय, पण भाजी घेताना कोणी वापरत नाही.

अजून खाली मालवणात जा. झील (मुलगा) इलो, बायल (बाई) इली, आणि मुलगी? चेडू इला. चक्क नपुंसकलिंग! गोव्याच्या कोकणीतपण लहान मुलीला 'तें' म्हणतात, 'ती' व्हायला मोठं व्हावं लागतं. शरीर जन्मापासून तेच, व्याकरण मात्र वाट बघतं.

आणि बालगंधर्व! म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८, घरी बायको असलेला पुरुष. तेव्हा चांगल्या घरच्या बाईनं स्टेजवर यायचं नाही, म्हणून बायकांची कामं पुरुषच करायचे. तर ह्यांची साडीची नेसण, केसांची ठेवण बघून प्रेक्षकांतल्या बायका घरी जाऊन तसं करायला लागल्या. मला हे कायम भारी वाटतं, बाईनं कसं दिसावं हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या, आपोआप अंगात येत असतं तर तिकीट काढून शिकायची काय गरज होती? (ते ट्रान्स होते असं मी म्हणत नाहीये हां, अभिनय वेगळा आणि आपण आतून कोण आहोत ते वेगळं.)

बरं, मग सेक्स, म्हणजे शरीराचं लिंग, ठरवणं तरी सोपं का? बहुतेकांचं असतं. पण पहिले सहा-एक आठवडे गर्भ दोन्हीकडे सारखाच दिसतो, मग वाय क्रोमोसोमवरचा एसआरवाय नावाचा जीन कामाला लागला की वृषण तयार होऊ लागतात. काहींमध्ये एक्सवाय, म्हणजे सहसा मुलांमध्ये असतात ती क्रोमोसोम, असूनही पेशींना टेस्टोस्टेरॉन ह्या पुरुषी हार्मोनचा निरोप कळतच नाही, शरीर बाहेरून मुलीचंच, आणि पाळी येत नाही म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर पहिल्यांदा समजतं. धावपटू द्युती चंदचा मुद्दा वेगळा, तिचं टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून २०१४ मध्ये तिला कॉमनवेल्थच्या टीममधून काढलं, ती क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये, टेस्टोस्टेरॉन जास्त तर बायकांच्या शर्यतीत धावायचं नाही, हा नियमच स्थगित झाला. ती लहानपणापासून मुलगी म्हणूनच वाढलेली, आणि एका हार्मोनच्या आकड्यावरून तिनं कुठल्या रांगेत उभं राहायचं ते ठरणार?

मगाशी ह्या ताईंनी विचारलं, मग ठरवायचं कोणी. सेक्सचं म्हणाल तर डॉक्टर तपासून सांगू शकतात. जेंडरचं सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं, स्वतःची ओळख पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं, ऑपरेशनची अट घालायची नाही. आणि हो, ती रूममेट आता पुण्यातच असते, ऑफिसात "मी येते" म्हणते, आईचा फोन आला की "येतो गं".