मुंबई-गोवा महामार्ग: दोन छायाचित्रे, एक जागा

एकाच रस्त्याची जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवली म्हणजे तुलना झाली, असे नाही. ती एकाच जागेवरून घेतली आहेत याची आधी खात्री करावी लागते, आणि मुंबई-गोवा महामार्गावर ही खात्री डोंगर देतात. पनवेल सोडून पेणकडे निघाले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. जुन्या छायाचित्रातील सुळका आणि त्याच्या लगतची किल्ल्याची कड नव्या चौकटीत जिथून तंतोतंत बसते, तिथेच कॅमेरा उभा करायचा. ऋतूसुद्धा जुळवावा लागतो. मे महिन्यात करपलेल्या माळाशेजारी ऑगस्टमधला हिरवा माळ ठेवला, तर जे बदललेलेच नाही तेही बदलल्यासारखे भासते.

कर्नाळ्यात फरक कमी दिसतो, कारण 1968 पासून हे जंगल पक्षी अभयारण्य आहे. दक्षिणेकडे जावे तशी मात्र दोन छायाचित्रांतली ओळख पुसट होत जाते. जुन्या छायाचित्रातला रस्ता समोरासमोरच्या दोन गाड्या जेमतेम निघतील एवढाच आहे. दोन्ही बाजूंना वड, आंबा, जांभूळ. त्यांच्या खोडांना चुना आणि गेरूचे पट्टे, आणि पट्ट्यावर रंगवलेला झाडाचा क्रमांक. खाली गवतात पिवळ्या माथ्याचा मैलाचा दगड असून त्यावर 17 हा आकडा आहे. 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि हा मार्ग 66 झाला, त्यामुळे छायाचित्राचा काळ ठरवताना हा दगडही साक्षीला येतो.

नव्या छायाचित्रात चार मार्गिका आहेत, मधोमध दुभाजक आहे आणि त्यात कण्हेर व बोगनवेल लावलेली आहे. हिरवाई आहे, पण तिची सावली साइडपट्टीपर्यंत पोचत नाही. उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे द्रोणांत मांडून बसणाऱ्या बायका, एसटीची वाट पाहणारी माणसे, शाळेतून पायी परतणारी मुले या सगळ्यांचे बसणे-थांबणे त्या झाडांखाली होते. रुंद रस्ता कोकणाला हवाच होता, अपघातांनी ते वारंवार दाखवून दिले आहे. परंतु दुभाजकातील झुडपांना तोडलेल्या वडाआंब्यांची भरपाई मानणे आम्हांला पटत नाही.

महाडजवळच्या सावित्री नदीवरील जुने छायाचित्र पाहताना मन घट्ट करावे लागते. ब्रिटिश काळातील दगडी कमानींचा पूल आणि त्याच्या शेजारी नंतर बांधलेला दुसरा पूल, असे दोन्ही त्यात दिसतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीला पूर आलेला असताना जुना पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पुढच्या वर्षी तिथे नवा पूल उभा राहिला. आजच्या छायाचित्रात कमानी नाहीत, पण नदीचे पात्र आणि शेजारचा पूल यांवरून जागा ओळखता येते.

चिपळूणजवळच्या परशुराम घाटात तर डोंगराचाही आधार सुटतो. चौपदरीकरणासाठी कडा कापला गेला, पावसाळ्यात दरडी खाली आल्या आणि घाटातली वाहतूक काही काळ थांबवावी लागली. जुन्या छायाचित्रात झाडीने झाकलेला उतार आहे, तर नव्यात उघडी पडलेली तांबडी माती. उताराची रेषाच सरकल्यामुळे तिच्यावरून मोजमाप करता येत नाही. म्हणून इथली दोन्ही छायाचित्रे आम्ही खाली खोऱ्यात दिसणाऱ्या वाशिष्ठीच्या वळणावरून जुळवली आहेत.