पिग्मीवाल्याची वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळी बाजारपेठेत दिवे लागले की एक माणूस हमखास दिसायचा. खांद्याला रेक्झिनची पिशवी, हातात पावतीपुस्तक. किराणा दुकान, सलून, सायकलवाला, भाजीचा गाळा, प्रत्येकाच्या गल्ल्यापाशी तो दोन मिनिटं टेकायचा. वीस, पन्नास, शंभर, ज्याचे जे ठरलेले असतील ते घ्यायचा, पावती फाडायचा आणि पुढच्या दुकानाकडे वळायचा. तो आमचा पिग्मीवाला, बँकेसाठी रोजची बचत गोळा करणारा माणूस. मी तालुक्याच्या गावी बँकेच्या काउंटरवर एकतीस वर्षं बसले. पिग्मीची मुदत संपली की दुकानदार पैसे न्यायला यायचे आणि रक्कम ऐकून थबकायचे. "एवढे झाले?" हे दोन शब्द मी किती तोंडांतून ऐकले असतील याची मोजदाद नाही. त्या पैशांतून कुणी मुलीची फी भरली, कुणी दुकानाला नवं शटर बसवलं.

ही पद्धत १९२८ सालची. कर्नाटकच्या किनाऱ्यावर, उडुपी-मणिपालच्या भागात, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं ती सुरू केली. माणूस घरोघरी जाऊन रोज दोन आणे गोळा करायचा. त्या बँकेच्या संस्थापकांपैकी एक डॉ. टी. एम. ए. पै होते. स्वतः वैद्यकी करणाऱ्या या माणसानं एक गोष्ट नेमकी हेरली होती. ज्याच्या हातात एका वेळी दहा रुपये येत नाहीत तो बँकेची पायरी चढणार नाही, म्हणून बँकेनंच त्याच्या दारात जायचं.

मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची वेळ. दिवसाचा धंदा झालेला आहे, गल्ल्यात पैसे आहेत आणि ते अजून घरी गेलेले नाहीत, नेमक्या त्या घटकेला तो यायचा. बचत करू की नको, हा विचार दुकानदाराला रोज करावाच लागत नसे. एकदा ठरवलं, की मग ठरवलेलं पाळून घ्यायला दुसरा माणूस दारात हजर.

आता आज आपल्या दारात कोण येतं ते पाहू. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची सुरुवात झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि फोनवरून पैसे देण्याला वेग आला. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार हजार कोटींच्या पुढे गेले. शहाळेवाल्याच्या गाडीवरही आता क्यूआर कोड लटकतो. मला ही सोय मनापासून आवडते. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, आणि रात्री घरी परतणाऱ्या भाजीवालीला कनवटीची रोकड सांभाळत एसटीत बसावं लागत नाही.

पण नोट होती तेव्हा एक गोष्ट आपोआप घडायची. नोट मोडावी लागायची. पाचशेची नोट एकदा मोडली की ती राहत नाही, हे घराघरात माहीत होतं. म्हणून पाकिटात नोट असूनही माणूस म्हणायचा, "राहू दे, एवढ्यासाठी नोट कशाला मोडू?" ती जी अर्ध्या मिनिटाची अडचण होती ना, तिनं आपले किती पैसे राखले असतील! फोनमध्ये मोडायला काहीच नाही. पंधरा रुपयेही त्याच बोटानं जातात आणि पंधराशेही.

आमच्या शेजारचा एक मुलगा चाकणला कंपनीत कामाला आहे. हातात २८ हजार पगार. मला म्हणाला, "काकू, पगार येतो कधी आणि जातो कधी, कळतच नाही." मी म्हटलं, पासबुकावर एन्ट्री मारून आण. पूर्वी एक पासबुक वर्ष-दोन वर्षं पुरायचं. या मुलाच्या तीन महिन्यांच्या नोंदींना एक पासबुक पुरलं नाही. चहा पंधरा, वडापाव वीस, पेट्रोल दोनशे, रिचार्ज, पुन्हा चहा. आम्ही दोघं लाल पेन घेऊन बसलो. जो खर्च त्याला आठवत नव्हता त्यावर खूण करायची, एवढंच काम.

श्रोतेहो, इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. अशा वेळी लोक लगेच चहावर घसरतात. मी त्याला चहा सोडायला सांगितलं नाही. मित्रांबरोबरचा चहा हा त्याच्या दिवसातला सुखाचा भाग आहे. लाल खुणांमध्ये खरे दोषी निघाले ते वेगळेच. तीन ठिकाणी ऑटोपे, म्हणजे खात्यातून ठरावीक दिवशी आपोआप पैसे कापून घ्यायची परवानगी, चालू होता, त्यातली दोन ॲप त्यानं कित्येक महिन्यांत उघडली नव्हती. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना येत होती, पण इतक्या मेसेजांत ती कोण वाचतो? यूपीआय ॲपमध्येच ऑटोपेची यादी असते, तिथून आम्ही ते दोन्ही तिथल्या तिथे रद्द केले.

आणि दुसरा दोषी, क्रेडिट कार्ड. चाळीस हजारांची बाकी होती. तो दर महिन्याला दोन हजार भरत होता आणि आपण कर्ज फेडतोय अशा समजुतीत होता. मी कागदावर मांडून दाखवलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. भरलेल्या दोन हजारांतून मुद्दल उतरलं फक्त ३४८ रुपयांनी. आपल्याकडे गावात सावकार 'शेकडा तीन'नं पैसे देतो असं कळलं, तर आपण त्या घराची पायरी चढू नको म्हणून सांगतो. हे तीन टक्के असतात दरमहा. कार्डाचे साडेतीनही दरमहाच असतात, पण बँकेच्या कागदावर छापलेले असल्यामुळे ते टोचत नाहीत. दसादशे ४२ झाले ते! त्यामुळे गुंतवणुकीची कुठलीही गोष्ट मनात आणण्याआधी ही बाकी मिटवायची, एवढं आम्ही ठरवलं. नऊ महिने लागले त्याला. एका दिवाळीला नवे कपडे घेतले नाहीत. मला त्या मुलाचा फार अभिमान वाटला.

मग आम्ही त्याची दोन खाती केली. एका खात्यात पगार येतो, ते फोनला जोडलेलंच नाही. दुसरं खातं फोनवरचं, त्यात दर सोमवारी ठरलेली रक्कम जाते. शनिवारी ती संपत आली की फोनच सांगतो, आता थांब. नोट मोडतानाची ती अडचण आम्ही मुद्दाम परत आणली. आणि पगार एक तारखेला होतो, तर दोन तारखेला बचतीचा हप्ता आपोआप कापला जाईल अशी व्यवस्था केली. ज्या ऑटोपेनं त्याचे पैसे नकळत नेले, तोच आता त्याचा पिग्मीवाला झाला.

माझ्या शेतकरी श्रोत्यांना पगाराची एक तारीख नसते, याची मला जाणीव आहे. पण दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं आणि उसाचं बिल खात्यावर जमा होतं, तो दिवस तुमची एक तारीख समजा. बिल जमा झालं त्याच दिवशी वेगळं काढलेलं राहतं. चार दिवसांनी काढू म्हटलं, की तोवर खतवाला, पाहुणा आणि लग्नाचा आहेर असे तिघं दारात उभे असतात.

हे साठवलेले पैसे ठेवायचे कुठे? आधी घरखर्चाचे चार-सहा महिन्यांचे पैसे बँकेत, साध्या मुदत ठेवीत किंवा आवर्ती ठेवीत. दवाखाना किंवा नोकरीतला खंड यांच्यासाठी. यात व्याज किती मिळतं याची फिकीर नको. पण एक नीट ऐका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, मुद्दल आणि व्याज मिळून एका बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० च्या आधी ते एकच लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हे संरक्षण नाही. आमच्या गावात भाजी विकणाऱ्या एका मावशींचे दोन टक्के व्याज जास्त मिळतं म्हणून ठेवलेले पैसे एका पतसंस्थेत अडकले. त्या माझ्या काउंटरशी येऊन विचारायच्या, "ताई, तुमच्याकडे काही कळतं का हो?" मला त्यांना काहीच सांगता येत नव्हतं. पाटी सारखीच दिसते, काउंटर सारखाच असतो, म्हणून हे आधी विचारून घ्या.

त्यानंतर लांबचा पल्ला. पीपीएफ, म्हणजे सरकारची सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना, हे १९६८ सालचं जुनं, खणखणीत साधन. पंधरा वर्षांची मुदत, वर्षाला कमीत कमी ५०० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के झाला आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिला. यात व्याज धरतात ते महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर. म्हणजे सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. दरमहा दोन हजार भरणाऱ्याला, दर ७.१ टक्केच राहिला असं धरलं, तर पंधरा वर्षांत ३ लाख ६० हजारांचे सुमारे ६ लाख ३१ हजार होतात. तेच पैसे दर महिन्याला पाच तारखेनंतर भरले तर साधारण ३,६०० रुपये कमी. उसाचे पैसे हाती असतील तर वर्षाचे एकदम, ५ एप्रिलच्या आत भरा.

आणि आता म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून शेअर बाजारात लावणाऱ्या फंडात दरमहा ठरलेला हप्ता भरणं. इथे मी जरा रेंगाळणार आहे. समजा एक मुलगी पंचविसाव्या वर्षापासून दरमहा तीन हजार भरते आणि तिचा भाऊ तेवढेच पैसे, पण पस्तिसाव्या वर्षी सुरू करतो. सरासरी दहा टक्के वाढ धरू. हा नुसता हिशेब आहे, बाजार असं वचन देत नाही. साठाव्या वर्षी बहिणीकडे सुमारे १ कोटी १४ लाख होतात, भावाकडे सुमारे ४० लाख. बहिणीनं जास्त भरले ते फक्त ३ लाख ६० हजार. बाकीचं त्या दहा वर्षांनी केलं.

कोटीचा आकडा दाखवून विकणारे लोक इथेच थांबतात. मी थांबणार नाही. महागाई सहा टक्के धरली, तर पस्तीस वर्षांनंतरच्या त्या १ कोटी १४ लाखांची किंमत आजच्या पंधरा लाखांच्या आसपास भरते. म्हणून पगार वाढला की हप्ताही वाढवायचा, तीन हजारांवर पस्तीस वर्षं बसून राहायचं नाही. आणि फंड घेताना 'डायरेक्ट' आहे की 'रेग्युलर' ते पाहा. रेग्युलरमध्ये मध्यस्थाचं कमिशन दर वर्षी आपल्या पैशातून जातं. त्या भावाच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबात एक टक्का कमी झाला, तर शेवटी सहा लाखांहून जास्त कमी हातात येतात. सल्ला देणारा चांगला असेल, पडत्या काळात तुम्हाला धरून ठेवत असेल, तर ते पैसे सार्थकी लागले असं मी म्हणेन. फक्त ते माहीत असून द्यावेत.

पडता काळ येतोच. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स, म्हणजे शेअर बाजाराची चढउतार दाखवणारा आकडा, ४२ हजारांवर गेला होता आणि २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या कित्येकांनी घाबरून हप्ते बंद केले. वर्ष संपताना तोच आकडा ४७ हजारांच्या वर होता. पण नेहमी इतक्या लवकर भरून येत नाही, २००८ च्या पडझडीनंतर वर्षानुवर्षं थांबावं लागलं. म्हणून सात-आठ वर्षांच्या आत लागणारे पैसे, लेकीच्या लग्नाचे, घराच्या स्लॅबचे, या वाटेला लावूच नका.

विम्याबद्दल थोडंच. घरातल्या कमावत्या माणसाचा मुदतीचा विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, स्वतंत्र घ्या. विमा आणि बचत एकत्र बांधलेली पॉलिसी नात्यातल्या एजंटच्या भिडेखातर घेऊ नका. घेतलीच असेल, तर पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. आणि फसवणुकीबद्दल एकच, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी पिन टाका म्हणालं की फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० वर कळवा.

मी निवृत्त झाले त्या वर्षीची एक गोष्ट सांगते. एक बाई नवऱ्याचा मोबाईल घेऊन आल्या. त्याला जाऊन दोन महिने झाले होते. फोनला कुलूप होतं, पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. पण दर महिन्याच्या पाच तारखेला बंद पडद्यावर एक ओळ चमकायची, खात्यातून तीन हजार रुपये गेल्याची. त्या म्हणाल्या, "हे कोण नेतंय?" आम्ही मृत्यूचा दाखला घेऊन खातेउतारा काढला. तो त्याचा पिग्मीवाला होता, माणूस गेल्यावरही वेळेवर दारात येत होता, आणि कुठे नेऊन ठेवतोय ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, त्या आधीच वारलेल्या. कागदपत्रांना आठ महिने लागले.

आता त्या बाईंचं स्वतःचं खातं आहे, स्वतःची एसआयपी आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी बँकेचं, फंडाचं, पीपीएफचं नाव आणि नॉमिनी कोण ते लिहून ठेवलंय. पिन नाही, पासवर्ड नाही, फक्त कुठे काय आहे तेवढं. ते पान मला दाखवायला त्या मुद्दाम घरी आल्या होत्या. वही पिठाच्या डब्यामागे असते, आणि लेकीला ते माहीत आहे.

नमस्कार.